रापणीचा वाटा आणि खात्यातले दोन हजार

सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यात तोंडवली-तळाशीलच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा हिशोब सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. होडीने जाळे समुद्रात अर्धगोलात टाकलेले असते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांच्या हातात असतात. ओढता ओढता या रांगा एकमेकींकडे सरकत येतात, जाळ्याचा पोटातला भाग वाळूवर येतो आणि तारली, पेडवे, बांगडे चमकायला लागतात. मग वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. दोराला सहज हात लावून गेलेल्या माणसाच्या हातावरही चार मासे ठेवण्याची रीत आहे. कोणाला किती मिळाले ते विचारावे लागत नाही, दिसते. वाटा चुकला तर तिथल्या तिथे आवाज चढतो आणि तिथल्या तिथे मिटतोही.

एप्रिल २०२० मध्ये याच किनारपट्टीवरच्या घरांत एक वेगळा वाटा आला. मोबाइल वाजला, बँकेचा संदेश आला, खात्यात दोन हजार रुपये जमा. काही घरांत तो आला, काही घरांत आला नाही. तो कोणाला मिळाला, का मिळाला आणि शेजारच्या घराला का नाही, हे वाळूवर दिसत नव्हते. या प्रकरणाचा विषय तोच आहे. संकटकाळात सरकार शेतकऱ्याला पैसे देते तेव्हा त्याचा हिशोब गावाला दिसतो का, आणि दिसतो तो पुरेसा असतो का?

आधी पैसे कोणते होते ते पाहू. २४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि २६ मार्चला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज मांडले. फुकट धान्य, जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने ५०० रुपये, आणि ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या सुरुवातीला प्रत्येकी २ हजार. हे २ हजार म्हणजे पीएम-किसान योजनेचा हप्ता. ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली होती. वर्षाला ६ हजार, चार-चार महिन्यांनी तीन हप्ते. एप्रिल ते जुलैचा हप्ता त्या वर्षीही यायचाच होता, तो काळाच्या सुरुवातीलाच दिला गेला. अडचणीच्या महिन्यात हाती आलेल्या पैशाची किंमत मी कमी लेखत नाही. आंब्याच्या पेट्या भरून पडल्या आहेत, गाडी मिळत नाही, मासेमारीला परवानगी देणारा केंद्राचा आदेश १० एप्रिलला निघेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत, मे महिन्याच्या पर्यटकांसाठी रंगवलेल्या खोल्या कुलूपबंद आहेत. अशा घरात दोन हजारांचे रेशन-औषध होते. तरीही ठरलेला हप्ता लवकर देणे वेगळे आणि नुकसानीसाठी नवी मदत देणे वेगळे. पारदर्शकतेची सुरुवात इथूनच व्हायला हवी होती, कारण पैसे घेणाऱ्याला ते कशाचे आहेत हेच नीट सांगितले नाही तर पुढचा प्रश्न तो कसा विचारणार?

आता यादी कशी होते ते पाहू. पीएम-किसानचा दरवाजा एकच आहे: जमिनीच्या सरकारी दफ्तरात, म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्यावर, नाव हवे. तेही १ फेब्रुवारी २०१९ रोजी असलेले. त्यानंतर नाव लागले असेल तर ते वारसाहक्काने लागलेले हवे. योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. सुरुवातीला दोन हेक्टरांची मर्यादा होती, ती जून २०१९ पासून काढली. आदल्या वर्षी आयकर भरलेला, दरमहा १० हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारा, डॉक्टर, वकील, अभियंता, आजी-माजी मंत्री आणि आमदार, हे सगळे बाद.

विदर्भ-मराठवाड्यात हा नियम बराचसा सरळ चालतो. कोकणात तो अडखळतो, आणि का अडखळतो हे समजायला एक सातबारा जवळून वाचायला हवा. पुढचा उतारा माझ्या कल्पनेतला आहे, पण मालवण तालुक्यातल्या कोणालाही तो घरातल्या कपाटात सापडेल असाच आहे.

क्षेत्र ४२ आर. त्यातले काही पोटखराबा, म्हणजे कातळ आणि व्हाळाची कड. भोगवटादाराच्या रकान्यात सतरा नावे, 'सामायिक' अशा शेऱ्याखाली. पहिली दोन माणसे वारली आहेत, पण वारस तपास झाला नाही म्हणून कागदावर ती अजून जिवंत आहेत. पाच जण मुंबईत, लालबाग ते विरारपर्यंत विखुरलेले. त्यांतले तिघे आयकर भरतात. चार बहिणी लग्न होऊन गेलेल्या. उरलेल्यांतला एक गोव्यात कामाला. गावात राहणारा भाऊ एक, आणि एका वारलेल्या भावाची बायको. तिचे नाव उताऱ्यावर कुठेच नाही. पावसाळ्यात त्या कुणग्यात भात कोण लावते? तीच. वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, कोण करते? तीच. माडांना पाणी कोण लावते, सोडणे कोण सुकवते? तीच. 'इतर हक्क' या रकान्यात एका कुळाचे नाव आहे, कारण त्याच्या आजोबाने एके काळी ही जमीन कसली होती. कूळकायदा १९४८ चा, कुळाला जमिनीचा मालक मानणारा कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा, पण त्या कायद्याच्या कलम 'बत्तीस ग' प्रमाणे किंमत कधी ठरली नाही आणि कूळ इतर हक्कातच राहिले.

या सतरा नावांतून यादी करायला कोणी तलाठी बसला तर काय होईल? मेलेल्यांना पैसे जाऊ शकत नाहीत, त्यांच्या वारसांना फेरफार झाल्यावरच. आयकरवाले बाद. बहिणींचा हिस्सा कायद्याने आहे, पण त्यांनी अर्ज केला तर भावाभावांत कुजबुज होते. मुंबईतले आयकर न भरणारे दोघे पात्र ठरू शकतात, कारण नियम जमीन कसण्याबद्दल विचारत नाही, नावाबद्दल विचारतो. आणि कसणारी विधवा वहिनी वारस नोंद होईपर्यंत अपात्र. 'शेत मी करतंय, नाव दिराचा' हे वाक्य कोकणातल्या बायकांच्या तोंडी नवे नाही. सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया आहेत आणि त्याचे कारण पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले हे आहे. शेत बायकांच्या हाती राहिले, उतारा पुरुषांच्या नावावर. १९९२ मध्ये राज्य सरकारने लक्ष्मी मुक्तीचे परिपत्रक काढले, त्यामागे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची मोहीम होती. पतीने अर्ज केला तर पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर यावे, इतकी साधी गोष्ट. पण ती पतीच्या इच्छेवर टांगलेली होती.

जुन्या सातबाऱ्यात बाराच्या भागात 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा एक रकाना असे. सगळे बारकावे मान्य करूनही मला तो रकाना फार मोलाचा वाटतो. मालक कोण हे एक सत्य आणि करणारा कोण हे दुसरे, हे त्या कागदाला माहीत होते. पैसे देण्याच्या वेळी मात्र पहिलेच सत्य विचारात घेतले गेले.

मच्छीमार तर या दरवाजापर्यंत पोचतच नाही. तळाशीलची वस्ती एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. घराभोवती चार माड आणि दारात होडी. त्याचे शेत समुद्रात आहे आणि समुद्राला सातबारा नसतो. त्याच्यासाठी वेगळी मदत आली, ती महामारीच्या मध्यावर आली, पण तिचे कारण आदल्या वर्षीचे होते. ऑक्टोबर २०१९ चे क्यार आणि पाठोपाठचे महा, या दोन वादळांनी ऐन हंगामातली मासेमारी बुडवली होती. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य सरकारने ६५ कोटी १७ लाख रुपयांचे पॅकेज मंजूर केले. रापणकर संघाच्या सभासदाला १० हजार, होडीच्या प्रकाराप्रमाणे २० किंवा ३० हजार, आणि टोपली घेऊन बसणाऱ्या विक्रेत्यांना शीतपेट्या. इथे यादीचा आधार बदलला. सातबाऱ्याऐवजी संस्थेचे सभासदत्व आणि होडीची नोंदणी आली. रापण ओढायला रोज येणारा, पण संघाच्या वहीत नाव नसलेला माणूस इथेही बाहेर. किनाऱ्यावर त्याचा वाटा पडतो, शासन निर्णयात पडत नाही.

मग १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आले, दुसऱ्या लाटेच्या ऐन कहरात. मालवण किनाऱ्याने अशी रात्र फार वर्षांत पाहिली नव्हती. माड मुळासकट आडवे झाले, वीज कित्येक दिवस गेली, होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. मदतीचे दर आदल्या वर्षीच्या निसर्ग वादळाच्या धर्तीवर ठरले: फळबागेला हेक्टरी ५० हजार, दोन हेक्टरांपर्यंत, माडाला झाडामागे २५० आणि पोफळीला ५०, पूर्ण फुटलेल्या होडीला २५ हजार. २५० रुपयांचा माड या आकड्यावर मी थांबतो. माड लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षे घेतो आणि नंतर पन्नास-साठ वर्षे घर चालवतो. ज्याच्या आजोबाने तो लावला त्याला २५० रुपये हाती घेताना काय वाटले असेल ते कोणत्याही शासन निर्णयात येत नाही.

पण पारदर्शकतेच्या बाजूने पाहिले तर पंचनामा हा आपल्याकडचा फार चांगला कागद आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बागेत येतात. (आता त्यांची पदनामे बदलली आहेत, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गाव अजून तलाठीच म्हणते.) पडलेले झाड समोर असते. पंच शेजारचेच असतात. मोजणी उघड्यावर होते आणि 'माझो तो एक माड रवलो' असे तिथेच सांगता येते. नावाप्रमाणेच तो पाच जणांसमोरचा लेख आहे. त्यानंतर मात्र तो कागद तहसीलदार कार्यालयात जातो आणि तिथून बँकेत पैसे येईपर्यंत गावाला त्याचे काही दिसत नाही. पंचनाम्यात किती झाडे लिहिली, किती मान्य झाली आणि फरक का पडला, या तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडलेली यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला कितीसा खर्च येईल?

असे करणे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे आणि तोही आदल्याच वर्षातला. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली. आधी चाचणी म्हणून फक्त ६८ गावे घेतली होती. बँकेत, ग्रामपंचायतीत आणि चावडीवर यादी चिकटवली गेली. प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्याने आधार घेऊन केंद्रावर जायचे, बँकेने सांगितलेली थकबाकी पडद्यावर पाहायची, मान्य असेल तर अंगठा लावायचा, मान्य नसेल तर तक्रार नोंदवायची आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जायची. पैसे देण्यापूर्वी घेणाऱ्याला 'हा आकडा बरोबर आहे का' असे विचारणे, ही या योजनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. २०१७ च्या कर्जमाफीत याद्यांचा जो गोंधळ झाला होता त्यातून हे शहाणपण आले होते. मार्चमध्ये करोना आला आणि एकाच यंत्रावर सगळ्या गावाचे अंगठे लावणे धोक्याचे झाले. प्रमाणीकरण थांबले. चांगली घडी नेमक्या त्या महिन्यात विस्कटली.

पीएम-किसानची वाट निराळी. गावातून माहिती भरली जाते, राज्य ती मान्य करते, केंद्राची सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणाली बँक खाते तपासते, आणि मग पैसे थेट खात्यात. शेतकऱ्याला मोबाइलवर 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' आणि 'एफटीओ जनरेटेड' असली इंग्रजी दिसते. त्याचा अर्थ इतकाच: राज्याने पैसे मागितले, पैसे पाठवायचा आदेश निघाला. हे मराठीत लिहायला काय हरकत होती? मधले दलाल कमी झाले हे खरे आहे आणि ते मोठे काम आहे. पण मध्ये माणूस नसला की चूक पकडणाराही नसतो.

ती चूक किती मोठी होती हे सरकारने आपणहून सांगितले नाही. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेचे वेंकटेश नायक यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि जानेवारी २०२१ मध्ये उत्तर जाहीर झाले. जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांतले निम्म्याहून जास्त, ५५ टक्क्यांच्या वर, आयकर भरणारे. पंजाब पहिला, आसाम दुसरा आणि तिसरा महाराष्ट्र: २ लाख ८६ हजार. सहा महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी संसदेत सांगितलेला आकडा दुपटीहून मोठा होता: ४२ लाख १६ हजार अपात्र, वसूल करायचे २,९९२ कोटी. महाराष्ट्रात साडेचार लाखांच्या आसपास. तहसील कार्यालयांतून वसुलीच्या नोटिसा निघाल्या.

तामिळनाडूत याचे उघड घोटाळ्यात रूपांतर झाले. टाळेबंदीच्या काळात लोकांना कार्यालयात यावे लागू नये म्हणून स्वतः नोंदणी करण्याची सोय सैल केली गेली. अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड बाहेरच्यांच्या हाती गेले आणि काही आठवड्यांत साडेपाच लाखांच्या आसपास खोटे शेतकरी तयार झाले. सुमारे ११० कोटी रुपये. कृषी विभागाचे प्रधान सचिव गगनदीपसिंह बेदी यांनी सप्टेंबर २०२० मध्ये ते जाहीर केले, अधिकारी निलंबित झाले, कंत्राटी कर्मचारी काढले गेले. यातली मला लागलेली गोष्ट अशी की भूमिहीन माणसाचे नाव शेतकरी म्हणून लागले आहे हे शोधायला गावात संगणक लागत नाही. चावडीवर यादी वाचली असती तर पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी उठून बोलले असते. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही पात्र लोकांची यादी गावात प्रसिद्ध करावी आणि वगळलेल्यांना म्हणणे मांडू द्यावे असे आहे. टाळेबंदीत ग्रामसभा भरत नव्हत्या. पैसे सुटले आणि ज्यांनी ते पाहायचे ते घरात बंद होते.

इथे एक प्रामाणिक शंका येते. कोणाच्या खात्यात किती पैसे आले हे गावभर वाचून दाखवणे योग्य आहे का? घर म्हटले की झाकलेले काही असतेच. हा प्रश्न जगाने आपल्या आधी हाताळला आहे.

युरोपात शेती अनुदानांची गुप्तता २००४ च्या सुमाराला फुटायला लागली. डेन्मार्कमधले पत्रकार निल्स मुलवाड आणि त्यांच्या सोबत्यांनी देशोदेशी अर्ज करून याद्या मिळवल्या. छोट्या शेतकऱ्याच्या नावाने चाललेल्या योजनेतले मोठे घास मोठ्या जमीनदारांकडे आणि कंपन्यांकडे जात होते. मग युरोपीय संघाने नावे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. जर्मनीच्या हेसन राज्यातली शेती करणारी एक भागीदारी संस्था आणि एक शेतकरी न्यायालयात गेले आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: रक्कम किती, किती काळ मिळाली, कोणत्या प्रकारची, याचा काहीही विचार न करता सरसकट सगळ्या व्यक्तींची नावे छापणे हे खासगीपणावर नको तितके आक्रमण आहे. युरोपाने यादी कायमची बंद केली नाही. काही वर्षांत नवा नियम केला, अगदी लहान रक्कम घेणाऱ्यांची नावे झाकली, मोठ्यांची उघडी ठेवली. अमेरिकेत एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था या शतकाच्या सुरुवातीपासून अनुदान घेणाऱ्यांची सूची लोकांसमोर ठेवत आली आहे. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या कृषी खात्याने १९ अब्ज डॉलरची करोना मदत जाहीर केली. त्याच काळातल्या छोट्या व्यवसायांच्या कर्जयोजनेत, जिचा फायदा शेतीलाही झाला, सरकारने नावे पूर्ण द्यायला नकार दिला. वृत्तसंस्था न्यायालयात गेल्या आणि १ डिसेंबर २०२० रोजी सगळी यादी बाहेर आली.

आपल्याकडे कायदा आधीच स्पष्ट होता. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ४ (१) (ख). त्याच्या बाराव्या बाबीत लिहिले आहे की अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कोणी न मागता प्रसिद्ध करायचे. दुसऱ्या टोकाला कलम ८ (१) (ञ) वैयक्तिक माहितीला संरक्षण देत होते, पण व्यापक सार्वजनिक हित असेल तर ते बाजूला ठेवता येत होते आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही अशी पुस्ती होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती पुस्ती आणि त्या अटी काढून टाकल्या. आता वैयक्तिक माहिती एवढे कारण पुरते. सार्वजनिक हिताचे कलम ८ (२) अजून शिल्लक आहे, त्यावर लढता येते. हा बदल मला मनापासून चिंतेचा वाटतो. आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल झाकलेच पाहिजेत. सरकारी पैसा घेतल्याचे नाव आणि रक्कम झाकण्याचे कारण मला दिसत नाही.

राजस्थानचे उदाहरण या झाकण्याच्या नेमके उलट दिशेचे आहे. तिथे मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, हजेरीपट गावासमोर वाचले, आणि मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघाल्याचे गावानेच पकडले. त्या परंपरेतून सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या सरकारने जन सूचना पोर्टल सुरू केले. गावाचे नाव निवडले की रेशन, पेन्शन, रोजगार हमी, कर्जमाफी यांची माहिती अर्ज न करता दिसते.

पीएम-किसानच्या संकेतस्थळावरही गावनिहाय लाभार्थी यादी आहे. राज्य, जिल्हा, उपजिल्हा, गट, गाव असे पाच रकाने निवडले की नावे येतात. मालवण निवडा, तोंडवली निवडा, यादी उघडेल. हे चांगले आहे आणि ते बंद होऊ नये. पण ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. तिच्यात ज्यांना मिळाले त्यांची नावे आहेत. ज्यांनी अर्ज केला आणि ज्यांना मिळाले नाही त्यांची यादी नाही. आपली सगळी चर्चा, सगळे घोटाळे, सगळ्या वसुल्या यादीतल्या नको असलेल्या नावांभोवती फिरतात. आयकर खात्याच्या नोंदी जुळवून ती नावे यंत्राला सापडतात. पण त्या सतरा नावांच्या उताऱ्यावर नसलेली वहिनी कोणत्याही यंत्राला सापडत नाही, कारण ती कोणत्याच नोंदीत नाही. २०२२ मध्ये ई-केवायसी आणि जमिनीच्या नोंदी जोडणे सक्तीचे झाले आणि हप्ता घेणाऱ्यांची देशभरातली संख्या दहा कोटींहून जास्त होती ती साडेआठ कोटींपर्यंत खाली आली. त्यांत खोटे किती गळले आणि खरे किती, हे गावनिहाय कोणी मांडून दाखवले नाही. २०२३ पासून राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना याच यादीवर चालते, म्हणजे एकदा बाहेर राहिलेला माणूस दोनदा बाहेर राहतो. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे आणि तोही सातबाऱ्यावरूनच मिळतो.

म्हणून ज्याला हे तपासायचे आहे त्याने एक अर्ज लिहावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या राज्याच्या नियमाने अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. एवढ्यात बसते:

'जनमाहिती अधिकारी, तहसील कार्यालय, मालवण. विषय: पीएम-किसान योजना, मौजे तोंडवली. योजना सुरू झाल्यापासून आजपर्यंत या गावातून आलेल्या अर्जांची वर्षवार संख्या द्यावी. मंजूर किती, नामंजूर किती, प्रलंबित किती. नामंजुरीची कारणे व प्रत्येक कारणाखालील संख्या. ज्यांचा हप्ता आधी सुरू होता व नंतर बंद झाला अशांची संख्या, बंद केल्याचा महिना व कारण. वारस नोंद प्रलंबित असल्यामुळे नाकारलेल्या अर्जांत महिला अर्जदार किती. योजनेसाठी झालेल्या प्रत्यक्ष पडताळणीच्या अहवालाची प्रत. लाभार्थी यादी ग्रामसभेत वाचल्याच्या ठरावाची प्रत व तारीख. तसेच ज्यांचे अर्ज नामंजूर झाले त्यांपैकी किती जणांना लेखी कळवले, त्या पत्रांचे जावक क्रमांक.'